प्रिव्ही शब्दाची कुळकथा

१८५८ च्या उन्हाळ्यात लंडनमधून वाहणाऱ्या थेम्स नदीला मैल्याची इतकी असह्य दुर्गंधी सुटली की, नदीकाठच्या पार्लमेंटभवनाच्या खिडक्यांना चुन्याच्या जंतुनाशक द्रावणात भिजवलेले पडदे टांगूनही सभासदांना आत बसवेना. त्याच वर्षी इंग्लंडचे मध्यवर्ती आरोग्य मंडळ बरखास्त झाले आणि रोगराईची चौकशी करण्याचे त्याचे वैद्यकीय काम राणीच्या प्रिव्ही कौन्सिलकडे वर्ग करण्यात आले. जॉन सायमन नावाचा एक अत्यंत कर्तबगार शस्त्रवैद्य या कौन्सिलचा वैद्यकीय अधिकारी म्हणून नेमला गेला. त्याने व त्याच्या हाताखालच्या तपासनिसांनी पुढील अनेक वर्षे गावोगावच्या विहिरी, गटारे आणि शौचकूप यांची जी पाहणी केली, तिच्यावर इंग्लंडच्या आधुनिक आरोग्यव्यवस्थेचा पाया रचला गेला आहे. या शौचकुपांनाही त्या काळच्या इंग्रजीत ‘प्रिव्ही’ असेच म्हणत. राज्यातील सर्वांत प्रतिष्ठित मंडळ आणि गरिबाच्या परसातील, जिचे नाव चारचौघांत घेण्याचा संकोच वाटावा अशी जागा, या दोहोंना एकच शब्द लागू व्हावा आणि पहिल्याने दुसरीची तपासणी करावी, हे प्रथमदर्शनी विलक्षण वाटते. परंतु या शब्दाचा माग काढीत मागे गेले म्हणजे त्यात विलक्षण असे काही उरत नाही, उलट राजसत्ता, देहधर्म, गुपित आणि मालकी यांविषयी एका समाजाच्या कल्पना आठशे वर्षे कशा बदलत गेल्या याचे एक सलग दर्शन घडते.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘प्रिव्हुस’ म्हणजे एकेकटा, ज्याचा त्याचा, स्वतःचा. त्यापासून ‘प्रिव्हारे’ हे क्रियापद झाले, आणि त्याचा अर्थ वेगळे काढणे, हिरावून घेणे, वंचित करणे असा आहे. याच क्रियापदाचे कर्मणी रूप ‘प्रिव्हातुस’, आणि रोमन लोकशासनाच्या काळात ज्याच्याकडे कोणताही सरकारी अधिकार नाही, जो राज्याच्या कारभारापासून अलग आहे, अशा माणसाला ही संज्ञा लावीत. कॉन्सलपदाची मुदत संपवून घरी बसलेला थोर सेनानीही त्या दिवसापासून ‘प्रिव्हातुस’ होई. सार्वजनिक जीवन हेच ज्यांना पूर्ण जीवन वाटे, त्या रोमन लोकांच्या दृष्टीने खासगी असणे ही एक प्रकारची न्यूनता होती. याच घराण्यातला दुसरा शब्द ‘प्रिव्हिलेगियुम’. ‘लेक्स’ म्हणजे कायदा, आणि एकाच व्यक्तीला उद्देशून केलेला कायदा असा त्याचा अर्थ. बारा ताम्रपटांच्या प्राचीन रोमन कायद्याने असे व्यक्तिविशिष्ट कायदे करण्यास मनाई केली होती, कारण ते बहुधा त्या व्यक्तीच्या मुळावर उठणारे असत. पुढे काळाच्या ओघात त्याच शब्दाला विशेष सवलत, विशेषाधिकार हा अर्थ आला. वंचिततेपासून विशेषाधिकारापर्यंतचा हा प्रवास लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण ‘प्रिव्ही’ हा शब्दही त्याच वाटेने गेला.

१०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि पुढची तीनेकशे वर्षे दरबार, न्यायासन व सरंजामदारांचे वाडे यांतून फ्रेंच भाषा बोलली जाऊ लागली. लॅटिन ‘प्रिव्हातुस’ फ्रेंचांच्या जिभेवर झिजून ‘प्रिव्हे’ झाला होता. तो तेराव्या शतकात इंग्रजीत स्थिरावला. चौदाव्या शतकाच्या शेवटी विद्वानांनी तोच शब्द पुन्हा एकदा लॅटिन ग्रंथांतून सरळ उचलला, आणि त्याचे ‘प्रायव्हेट’ हे रूप प्रचारात आले. एका बापाची ही दोन मुले. धाकट्याने हळूहळू सगळी वतनवाडी बळकावली आणि थोरल्याकडे कौन्सिल, शिक्का, तिजोरी, कायद्याची काही कलमे व परसातील ती खोपी एवढीच वहिवाट उरली.

मध्ययुगीन इंग्रजीत मात्र हा शब्द भर तारुण्यात होता. गुप्त, आतल्या गोटातला, विश्वासातला, एकांतातला, शरीराचा झाकून ठेवावयाचा भाग, अशा सर्व अर्थांनी तो वापरला जाई. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात वायक्लिफच्या अनुयायांनी बायबल इंग्रजीत आणले, तेव्हा ईश्वरी राज्याचे ‘रहस्य’ या अर्थी त्यांनी याच शब्दाचे भाववाचक रूप योजले. आणि त्याच सुमारास चॉसरने आपल्या गिरणीवाल्याच्या कथेत ईश्वराचे गूढ आणि पत्नीचे गूढ या दोहोंना तोच शब्द लावून त्याच्या पवित्र व लौकिक अर्थांचा एकत्र खेळ मांडला. एखाद्या मसलतीला ‘प्रिव्ही’ असणे म्हणजे ती ठाऊक असणे, तिच्यात सामील असणे. येथे शब्दाने आपल्या मूळ अर्थाकडे जवळजवळ पाठ फिरवली आहे: रोममध्ये जो सर्वांपासून तोडलेला होता, तो इंग्लंडमध्ये काही थोड्यांशी जोडला गेला. सर्वांना वगळल्यावाचून थोड्यांचा गोट तयार होत नाही, आणि गोटात घेतलेला माणूस मिळालेल्या विश्वासाने जितका बलवान होतो तितकाच तो धन्याला धोक्याचाही होतो. आपल्याकडे रायगडावर खलबतखाना आहे. फारसीत एकांत दर्शविणारा हा शब्द मराठीत राजाच्या गुप्त मसलतीचे दालन होऊन बसला, आणि ‘खलबते चालली आहेत’ असे म्हटले की आज ऐकणाराच्या मनात प्रथम कारस्थानाचीच शंका येते. एकांत आणि कट यांची ही सोबत दोन्ही देशांतल्या राजदरबारांना सारखीच ठाऊक होती.

या शब्दाचे खरे घर मात्र ट्यूडर राजांचा राजवाडा होय. पुण्याच्या जुन्या वाड्यात दिंडीदरवाजातून आलेला परका माणूस ओसरीवर बसावा, ओळखीचा सोप्यापर्यंत यावा, आप्ताला माजघरात पान मांडावे आणि त्यापलीकडच्या खोलीत घरच्या माणसांखेरीज कोणी पाऊल टाकू नये, अशी जी रीत होती, तीच रीत अधिक कठोर स्वरूपात हॅम्प्टन कोर्टसारख्या राजवाड्यांच्या रचनेत दिसते. प्रथम मोठा दिवाणखाना, मग पहारेकऱ्यांचे दालन, मग जेथे राजा सिंहासनावर बसून लोकांना दर्शन देई ते दालन, आणि त्यानंतर ‘प्रिव्ही चेंबर’. सातव्या हेन्रीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस या शेवटच्या दालनाचा स्वतंत्र नोकरवर्ग निर्माण केला. आठव्या हेन्रीच्या कारकीर्दीत तेथे साध्या चाकरांच्या जागी सरदारपुत्र येऊन बसले. या तरुणांचे राजावर जे वजन पडू लागले त्याने कार्डिनल वुल्झीसारखा मुख्य प्रधानही अस्वस्थ झाला, आणि १५२६ च्या एल्थम येथील नियमावलीत त्याने या दालनातील माणसांची संख्या पंधरावर आणून ठेवली. आरोग्य व काटकसर ही कारणे पुढे करण्यात आली होती; पण दाराआड कोण उभे राहते यावर राज्याचा कारभार ठरतो हे वुल्झीने पुरते ओळखले होते.

या पंधरांचा म्होरक्या म्हणजे ‘ग्रूम ऑफ द स्टूल’. राजा मखमलीने मढवलेल्या शौचपेटीवर बसे तेव्हा त्याच्या तैनातीत राहणे, पाणी व वस्त्र पुढे करणे, हे त्याचे मूळ काम. आजच्या वाचकाला हे काम हीन वाटेल. त्या काळी त्यासाठी मानकऱ्यांत चुरस असे. ज्या घटकेला प्रधान, वकील, धर्माधिकारी यांपैकी कोणीही राजाजवळ जाऊ शकत नसे, त्या घटकेला हा एकटा माणूस त्याच्याजवळ असे. कोणाचा अर्ज केव्हा कानावर घालावा आणि कोणाचा मागे ठेवावा, हे त्याच्या मर्जीवर अवलंबून राही. सर विल्यम कॉम्प्टन या पदावर असताना गडगंज झाला. त्याच्यामागून आलेला हेन्री नॉरिस राजाचा जिवलग म्हणवला जाई, पण अ‍ॅन बोलीन राणीवर बालंट आले तेव्हा राजाच्या अंतर्गृहातील याच माणसावर तिच्याशी संबंध ठेवल्याचा आरोप ठेवून १७ मे १५३६ रोजी त्याचा शिरच्छेद करण्यात आला. हेन्रीच्या अखेरच्या दिवसांत हे पद सांभाळणाऱ्या सर अँथनी डेनीकडे राजाच्या सहीचा कोरडा ठसा असे. तो कागदावर दाबून वर शाई फिरवली की राजाची सही झाली. राजाच्या मृत्यूचे भाकीत उच्चारणे हा राजद्रोह समजला जात असताना, त्याची घटका भरत आली आहे हे हेन्रीला तोंडावर सांगण्याचे धैर्य याच डेनीने केले. ज्याने राजाचा देह सर्व अवस्थांत पाहिला आहे त्यालाच तो अधिकार पोचत होता. हे पद कालांतराने केवळ मानाचे होऊन सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाबरोबर १९०१ साली बंद झाले.

राजाच्या जवळ असलेल्या रोख रकमेची पिशवीही याच ग्रूमच्या हाती असे, आणि तीच ‘प्रिव्ही पर्स’. जुगारातील हार, शिकारी कुत्री, जडजवाहीर, गरिबाला दिलेली खैरात हे सारे खर्च तीतून होत. पण हेन्रीसारख्या राजाच्या हाती ती पिशवी युद्धखर्चाचीही झाली, कारण राजाची खासगी दौलत कोठे संपते आणि राज्याचा खजिना कोठे सुरू होतो याची रेघ अजून आखली गेलेली नव्हती. ही रेघ आखण्यास इंग्लंडला आणखी दोन शतके लागली. १७६० साली तिसऱ्या जॉर्जने राजघराण्याच्या जमिनींचे उत्पन्न सरकारजमा करून त्याबदली ठराविक वार्षिक नेमणूक पत्करली. मराठी राज्यात होळकरांच्या घरी ही रेघ फार ठळक होती: दौलत निराळी आणि खासगी निराळी. बाजीरावाने मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे जी खासगी जहागीर करून दिली, ती पुढे अहिल्याबाईंकडे आली, आणि काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी जी देवालये, घाट व अन्नछत्रे उभी केली त्यांचा खर्च या खासगीतून झाला, सरकारी दौलतीतून नव्हे. सत्ताधीशाच्या शुचित्वाचे याहून स्वच्छ उदाहरण त्या शतकात शोधून सापडणार नाही, असे मला वाटते.

स्वतंत्र भारतात ‘प्रिव्ही पर्स’ हे शब्द आले ते संस्थानांच्या विलीनीकरणाबरोबर. सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांनी संस्थानिकांकडून राज्ये घेतली व मोबदल्यात त्यांना करमुक्त वार्षिक तनखा देण्याचे वचन दिले. ते राज्यघटनेच्या २९१ व्या अनुच्छेदात नमूद झाले. मराठी वृत्तपत्रांनी त्याला तनखा हाच आपल्या दफ्तरांतला जुना शब्द वापरला. काही तनखे लक्षावधी रुपयांचे होते, तर सौराष्ट्रातील काटोडियाच्या तालुकदाराचा तनखा वर्षाला अवघा १९२ रुपये होता. १९७० च्या सप्टेंबरात हे तनखे रद्द करणारे घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत एका मताच्याही अंशाने पडले. तेव्हा राष्ट्रपतींच्या आदेशाने संस्थानिकांची मान्यताच काढून घेण्यात आली, ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे व इतर संस्थानिक सर्वोच्च न्यायालयात गेले, नानी पालखीवालांनी त्यांची बाजू मांडली आणि १५ डिसेंबर १९७० रोजी न्यायालयाने तो आदेश अवैध ठरविला. अखेर १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने तनखे संपले. समतेच्या तत्त्वाने पाहता ते संपणे योग्यच होते. पण राज्याने दिलेले वचन राज्यानेच मोडावे की काय, हा न्यायालयापुढचा प्रश्नही तितकाच खरा होता, आणि पहिले मान्य केल्याने दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही.

राजवाड्याच्या रचनेत जे दिसते तेच राजाच्या शिक्क्यांतही दिसते. राज्याचा मोठा शिक्का प्रधान न्यायमंत्र्याच्या दफ्तरात असे, आणि प्रत्येक शिक्केमोर्तबासाठी त्या दफ्तराची रीतसर वाट चालावी लागे. तेराव्या शतकाच्या प्रारंभी, जॉन राजाच्या काळात, राजाच्या स्वतःच्या चिटणिसांजवळ एक लहान शिक्का आला. तोच ‘प्रिव्ही सील’. सरदारांना विचारल्याखेरीज, मोठ्या दफ्तराला वळसा घालून हुकूम सोडण्याची सोय त्याने झाली. पण जो शिक्का रोज वापरला जातो त्याचेही दफ्तर होते, त्याचेही कारकून, फी आणि नियम होतात. चौदाव्या शतकात प्रिव्ही सील इतका सार्वजनिक झाला की राजांना त्याहून लहान, बोटातल्या अंगठीएवढा तिसरा शिक्का करावा लागला, आणि तो सांभाळणारा चिटणीस हा आजच्या ‘सेक्रेटरी ऑफ स्टेट’ या पदाचा पूर्वज ठरला. हिंदुस्थानावर सत्ता चालविणारा भारतमंत्री याच पदाचा धारक असे. प्रिव्ही सील सांभाळणारा मंत्री मात्र ‘लॉर्ड प्रिव्ही सील’ या नावाने राहिला; टॉमस क्रॉमवेल १५३६ पासून त्या पदावर होता. १८८४ च्या कायद्याने त्या शिक्क्याचा वापरच थांबला, तरी पद चालूच आहे, आणि ज्याला विशिष्ट खाते न देता मंत्रिमंडळात घ्यावयाचे त्याला ते देण्याचा प्रघात पडला. मार्च १९४२ मध्ये स्वातंत्र्याच्या वाटाघाटींसाठी दिल्लीला आलेले सर स्टॅफर्ड क्रिप्स लॉर्ड प्रिव्ही सील म्हणूनच आले होते.

मंडळांचीही तीच गत झाली. राजाच्या विस्तृत दरबारातून निवडक सल्लागारांचे प्रिव्ही कौन्सिल वेगळे झाले. त्याच्या सभासदांना गुप्ततेची शपथ घ्यावी लागे, आणि आजही ती घ्यावी लागते. सोळाव्या शतकात त्यानेच इंग्लंडचा कारभार हाकला. परंतु सभासद वाढत गेले, मानासाठी नेमणुका होऊ लागल्या, आणि राजांना पुन्हा एक आतली खोली हवीशी झाली. फ्रेंचमध्ये अशा लहान खोलीला ‘कॅबिनेट’ म्हणतात. फ्रान्सिस बेकनने सल्लामसलतीवरील आपल्या निबंधात या कॅबिनेटी मसलतींचा उल्लेख केला आहे, आणि त्या रोगापेक्षाही वाईट औषध आहेत असा त्याचा अभिप्राय आहे. बेकनचे मत बाजूला पडले. आज जगभर लोकशाही सरकारांचे मंत्रिमंडळ त्या खोलीच्याच नावाने ओळखले जाते. जी जागा आतली म्हणून बांधली, तिचे दार रीतीने, वहिवाटीने आणि गर्दीने उघडत गेले की तिच्याही आत दुसरी जागा बांधली जाते, आणि पहिलीकडे केवळ नाव उरते. या शब्दाच्या सगळ्या अर्थांतून मला हाच एक क्रम सर्वांत स्पष्ट दिसतो.

शौचकुपाच्या बाबतीत भाषेने हाच क्रम गिरवला. नॉर्मन येण्यापूर्वी इंग्रज लोक त्या जागेला ‘गँग’ म्हणत, म्हणजे जाणे. आपल्याकडील ‘परसाकडे जाणे’ या प्रयोगासारखाच तो सभ्य आडपडदा होता. तो पडदा झिजला तेव्हा फ्रेंच ‘प्रिव्हे’ पुढे आला, किल्ल्यांतून ‘गार्डरोब’ म्हणजे कपड्यांची खोली हे नाव पडले; ‘प्रिव्ही’ही कानाला उघडा वाटू लागला तेव्हा ‘क्लोजेट’ आला. क्लोजेट ही खरे तर बंद दाराची लहान खोली, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलात येशू एकांतात प्रार्थना करण्यास ज्या खोलीत जाण्यास सांगतो तिला हाच शब्द आहे. दुसरीकडे, शहरांच्या दाटीत स्वतःची प्रिव्ही फार थोड्यांना परवडे. पंधराव्या शतकात लंडनचा विख्यात नगराध्यक्ष रिचर्ड व्हिटिंग्टन याच्या देणगीतून थेम्सकाठी पुरुषांसाठी ६४ व स्त्रियांसाठी ६४ आसनांचे लांबलचक शौचगृह बांधले गेले, आणि भरतीचे पाणी ते धुऊन नेई. अशा जागांना सार्वजनिक प्रिव्ही म्हणत, आणि त्या शब्दप्रयोगातील अंतर्विरोध कोणाला खटकत नसे. १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने प्रत्येक नव्या घराला पाण्याचा शौचकूप किंवा प्रिव्ही असलीच पाहिजे, तिला योग्य दार व आच्छादन असले पाहिजे, असा दंडक घातला. श्रीमंताच्या वाड्यातील एकांत मजुराच्या घरापर्यंत कायद्याच्या हाताने पोचला, ही त्या शतकाची एक मोठी कमाई होय.

तथापि एकाच्या एकांताची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागते, आणि या विषयावर लिहिताना ती गोष्ट वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. लंडनमधील मैला उपसणाऱ्या ‘गाँग-फार्मर’ लोकांना फक्त रात्रीच काम करण्याची मुभा असे, आणि गावाच्या कडेला राहावे लागे. परंतु निदान त्या कामाचा मोबदला बरा मिळे आणि त्यांची मुले दुसरा धंदा करण्यास मोकळी होती. मुंबईत १८८८ च्या नगरपालिका कायद्याने ‘प्रिव्ही’ हा शब्द जसाच्या तसा आपल्याकडे आणला, आणि त्याच कायद्यात ‘हलालखोर कर’ही होता. घरोघरीच्या टोपलीच्या संडासांतील मैला डोक्यावरून वाहून नेणाऱ्यांना हलालखोर म्हणत. हलालाची भाकर खाणारा हा त्या शब्दाचा अर्थ, आणि ज्या समाजाने हे गौरवाचे नाव दिले त्यानेच त्यांच्या स्पर्शाचा विटाळ मानला. त्यांच्या मुलांपुढे जन्मानेच हे काम ठेवलेले होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धन यांनी भंगीकाम करू देण्याची परवानगी मागितली, ते सवर्ण म्हणून ती नाकारली गेली, तेव्हा त्यांनी उपोषण आरंभले. त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्यात गांधीजींनीही अन्न वर्ज्य केले. पुढे अप्पांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे निरुपद्रवी खत करणाऱ्या संडासांचे प्रयोग केले, आणि कोकणातील अनेक घरांनी ते उचलले. मैला हाताने वाहण्यास बंदी करणारे कायदे १९९३ व २०१३ साली झाले. तरीही गटारांत उतरून माणसे मरत आहेत, आणि ती कोणत्या जातींची असतात हे सर्वांना ठाऊक आहे. अप्पांच्या सत्याग्रहाला इतकी दशके लोटल्यावरही हे लिहावे लागते, याचे दुःख वाटते.

कायद्याच्या भाषेत ‘प्रिव्ही’ म्हणजे एखाद्या व्यवहाराशी किंवा पक्षकाराशी हितसंबंधाने जोडलेला, उदाहरणार्थ वारस किंवा खरेदीदार. करार दोघांत झाला तर त्यावर दावा करण्याचा हक्क त्या दोघांनाच, तिऱ्हाइताला नाही, हे ‘प्रिव्हिटी’चे तत्त्व १८६१ च्या ट्वेडल विरुद्ध अ‍ॅटकिन्सन या खटल्यात ठाम झाले, आणि आपल्या न्यायालयांतही ते चालत आले. याहून मनोवेधक आहे ती ‘प्रिव्ही’ तपासणी. जुन्या इंग्रजी कायद्याप्रमाणे विवाहित स्त्रीची जमीन हस्तांतरित होताना न्यायाधीश तिला पतीपासून वेगळे नेत आणि तू हे स्वखुशीने करीत आहेस की दडपणाने, असे विचारीत. पतीला वगळून स्त्रीला न्यायासनासमोर एकटीने बोलण्याची जी थोडकी संधी त्या जुन्या कायद्याने दिली ती याच शब्दाच्या आश्रयाने.

आपल्याकडील जुन्या पिढीला मात्र प्रिव्ही म्हटले की कौन्सिलच आठवे. १७२६ च्या सनदेने मद्रास, मुंबई व कलकत्ता येथे मेयरची न्यायालये स्थापन झाली आणि त्यांच्यावरचे अपील राजाच्या कौन्सिलकडे जाऊ लागले. १८३३ च्या कायद्याने त्यासाठी न्यायसमिती नेमण्यात आली. येथील खटल्याचे कागद छापून, जहाजाने विलायतेला जात, आणि तिथले न्यायाधीश निकाल देत नसत, राजाला नम्र सल्ला देत. तो सल्ला म्हणजेच निकाल. जमिनीच्या बांधावरून भाऊबंदांशी भांडणारा कुळवाडीही ‘प्रिव्ही कौन्सिलापर्यंत जाईन’ अशी प्रतिज्ञा करी. टिळकांना १८९७ सालच्या राजद्रोहाच्या शिक्षेवर अपिलाची परवानगी मागण्यासाठी तेथे जावे लागले. त्यांच्या वतीने अ‍ॅस्क्विथ उभा राहिला, परवानगी नाकारली गेली, आणि १९०८ साली टिळकांना दुसऱ्यांदा शिक्षा झाली तेव्हा हाच अ‍ॅस्क्विथ ब्रिटिश पंतप्रधान होता. टिळक ज्यांच्या इस्टेटीचे विश्वस्त होते त्या दिवंगत मित्राच्या विधवेच्या, म्हणजे ताई महाराजांच्या, प्रकरणात मात्र १९०१ साली औरंगाबादेस झालेले दत्तविधान वैध ठरवून १९१५ मध्ये कौन्सिलने टिळकांच्या बाजूने कौल दिला. एका विश्वस्ताने आपल्या दिवंगत मित्राला दिलेला शब्द पाळण्यासाठी एका तपाहून अधिक काळ कोर्टकचेऱ्यांत काढला, हे त्या निकालामागचे खरे मोल आहे. १९०९ साली सय्यद अमीर अली या न्यायसमितीवर बसणारे पहिले हिंदी गृहस्थ झाले. पुढे मुंबईचे सर दिनशा मुल्ला आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकरही तेथे बसले. १० ऑक्टोबर १९४९ पासून भारतातील अपिले तिकडे जाणे थांबले.

समिती मात्र अद्याप आहे, आणि २००९ पासून तिची बैठक पार्लमेंटसमोरील मिडलसेक्स गिल्डहॉलमध्ये भरते. तिच्यापुढे अपील नेणाऱ्या देशांत जमैका व त्रिनिदाद यांच्याबरोबर मॉरिशसही आहे. १८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून रत्नागिरी व आसपासच्या मुलखातून गेलेल्या मराठी माणसांचे वंशज त्या बेटावर राहतात, आणि १९९२ साली मॉरिशस प्रजासत्ताक झाले तरी तेथील अंतिम अपील लंडनलाच जाते. म्हणून ज्यांच्या घरी अजूनही गणपती बसतो त्या मराठी कुटुंबांपैकी एखाद्याच्या वाटणीच्या दाव्याचा शेवटचा निकाल आजही प्रिव्ही कौन्सिल देऊ शकते.